लोंढ्यापलीकडचा फुलबॅक

त्या कॉलेजचं नाव मी आजही घेत नाही. आमच्या वेळी बेळगावात कुणीच घेत नसे. नुसतं 'पलीकडचे' म्हटलं की पुरे. लोंढा स्टेशन ओलांडून गाडी जिथं जाते तिथले, हे सगळ्यांना कळायचं. तेही आमचं नाव घेत नसत. आमच्यासाठी त्यांच्याकडे एक कानडी शब्द होता, तो इथं लिहिण्यासारखा नाही. दोन्ही कॉलेजं एकाच मुंबई विद्यापीठाची. विद्यापीठाच्या हॉकीत आमच्या भागातून शेवटी उरायचे ते बहुतेक वेळा हे दोनच संघ, आणि ढाल एकाच्याच कपाटात जायची.

हे वैर माझ्या आधीपासून चालत आलेलं. जुनी पोरं सांगायची, की एकदा आपला संघ तिकडे गेला आणि सामन्याच्या सकाळी निम्म्या खेळाडूंना ढाळ लागले. कशानं लागले ते कुणी तपासलं नाही. पण त्या वर्षापासून आमचा संघ तिकडे जाताना पिण्याचं पाणी बेळगावहून पितळी घागरीत भरून न्यायचा. पुढच्या वर्षी ते आमच्याकडे आले तेव्हा त्यांना कातडी कमवायच्या जागेशेजारची खोली उतरायला दिली. वासामुळं रात्रभर त्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि घामाघूम होऊन सकाळी मैदानात उतरले. आम्ही जिंकलो. त्या खोलीची गोष्ट आमच्या वसतिगृहात प्रत्येक नव्या पोराला सांगितली जायची, आणि ऐकून तो हसला नाही तर त्याला खेळात रस नाही असं धरलं जायचं.

पुष्कळांना वाटतं हे मराठी-कानडीचं भांडण होतं. ते खरं नाही. आमच्यातली निम्मी पोरं घरी कानडी बोलायची, आणि त्यांचा एक पुढचा खेळाडू चांगला निपाणीकडचा मराठी होता. त्याला तर आम्ही जास्तच शिव्या द्यायचो.

मी शहापूरच्या विणकराचा मुलगा. घरात माग, सगळ्यांचे हात साडीला लागलेले. हॉकी मी शिकलो ती कॅम्पात, तारेच्या कुंपणाबाहेर उभं राहून. पलटणीतले शिपाई संध्याकाळी खेळायचे. त्यांची मोडलेली स्टिक कुणीतरी फेकून दिली, ती मी सुतळीनं आवळून बांधली आणि तिच्यावर दोन वर्षं काढली. कॉलेजात गेल्यावर मला डाव्या कडेला खेळवायला लागले, कारण मी पळायचो.

तिकडच्या पहिल्या सामन्याला जाताना गाडीत आमच्या कॅप्टननं सगळ्यांना जवळ बोलावलं.

"त्यांच्याशी हसायचं न्हाय," तो म्हणाला. "हात मिळवायचा, पण बघायचं दुसरीकडं. आन् त्यांचा फुलबॅक लई जड हाय. त्याच्या अंगावर जाऊ नका, बाजूनं काढा."

फुलबॅक, म्हणजे गोलापुढे उभा राहून अडवणारा, मी मैदानात पाहिला. रुंद खांद्याचा, काळासावळा, अनवाणी खेळणारा. तोंडातून शब्द काढत नव्हता. त्यांचे बाकीचे लोक ओरडत होते, बाहेरची गर्दी आमच्या आयांचा उद्धार करत होती, हा मात्र जागेवर उभा. दोनदा मी त्याच्या बाजूनं चेंडू काढला. तिसऱ्यांदा चेंडू माझ्या पुढे होता, गोल समोर होता, आणि त्याची स्टिक खाली चेंडूवर न येता माझ्या डाव्या मनगटावर आली. आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. पंचानं शिट्टी वाजवली नाही. मी गवतावर पडलो होतो, आणि तो वाकून मला कानडीत एवढंच म्हणाला, "एळ." म्हणजे ऊठ.

मी उठलो नाही. सामना हरलो. परतीच्या गाडीवर दगड आले, ते नेहमीचंच होतं.

आमच्या गल्लीपलीकडच्या तालमीतल्या पैलवानानं हाड बसवलं. बसवलं, पण सरळ बसलं नाही. सुट्टीत मी मागावर बसलो तर आडवा धागा नेणारा धोटा हातातून सुटायचा, धागा तुटायचा. आप्पा काही दिवस बघत राहिले आणि एके दुपारी त्यांनी मला उठवलं.

"ऊठ. आक्का बसंल."

"आप्पा, होईल बरं."

"व्हतंय कुठलं? मागाला दोन हात लागत्यात. तुला काठी फिरवायची हुती, फिरवलास. आता बस बघत."

आक्का माझी मोठी बहीण, सासरहून बाळंतपणाला आलेली. पोर चार महिन्यांचं झालेलं. ती मागावर बसली आणि मी तिच्या पोराला मांडीवर घेऊन सुताच्या कांड्या भरत बसलो. त्या उन्हाळ्यात मी एका माणसाचा जितका द्वेष केला तितका पुन्हा कुणाचा केलेला आठवत नाही. रोज सकाळी हाताला तेल लावताना त्याचा चेहरा डोळ्यांपुढं आणायचो, विसरू नये म्हणून.

पुढच्या हिवाळ्यात विद्यापीठाचा संघ निवडला गेला. दुसऱ्या एका विद्यापीठाविरुद्ध पुण्यात सामना होता. आमच्या कॉलेजातून मी निवडला गेलो, पलीकडून तो. पुण्यात पोचलो तेव्हा खोल्या वाटून झाल्या होत्या. मुंबईच्या पोरांनी आपापसात जोड्या लावलेल्या. उरलो आम्ही दोघे.

चार रात्री एका खोलीत काढल्या, एक शब्द न बोलता. तो पहाटे उठून अंघोळ करायचा, कपाळाला विभूती लावायचा, ट्रंकेतून घरची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढून खायचा. चटणीचा वास सगळ्या खोलीत भरायचा. आमच्या घरी होते तीच चटणी, तोच वास. मला त्याचाही राग यायचा.

सामन्यात मुंबईकर आपापसात चेंडू फिरवत राहिले आणि आम्ही एका गोलनं मागे पडलो. उत्तरार्धात त्यानं मागे चेंडू अडवला. मान वर करून पाहिलं. डाव्या कडेला मी एकटा मोकळा होतो. मला वाटलं, देणार नाही. तरी मी पळालो. त्यानं चेंडू असा मारला की मला वेग कमी करावा लागला नाही, हात लांबवावा लागला नाही. पळता पळता तो स्टिकला येऊन लागला. मी गोल केला. थोड्या वेळानं पुन्हा तसंच, आणि पुन्हा गोल. लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते. तो आपल्या जागी परत जाऊन उभा राहिला होता.

त्या संध्याकाळी खोलीत मी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"चेंडू चांगला दिलास."

तो ट्रंक आवरत होता. मान वर न करता मराठीत म्हणाला, "तुला दिला नाही. जागा रिकामी होती, जागेला दिला."

"आणि मनगटावर मारलास ते?"

"तू तिसऱ्यांदा गेला असतास," तो म्हणाला. "मग मी काय करायचं होतं?"

त्यानं ट्रंक बंद केली आणि दिवा मालवला.

त्यानंतर आमची मैदानावर एकदाच गाठ पडली, बेळगावात. मी त्याच्या घोट्यावर स्टिक घातली, त्यानं मला खांद्यानं उडवलं, आणि त्यावरून बाहेरची गर्दी आत घुसली. सामना अर्ध्यात थांबला. पुन्हा खेळवायचं ठरलं होतं, पण बेचाळीसच्या ऑगस्टात पोरं वर्गाबाहेर पडली, कॉलेजं बंद झाली, आणि सामने राहिलेच. ढाल त्यांच्याकडेच होती. तिथंच राहिली.

बी.ए. होऊन मी निपाणीला एका तंबाखूच्या वखारीत वजनकाट्यावर कारकून लागलो. युद्धाचे दिवस होते, सरकारनं तंबाखूवर नुकताच कर बसवलेला. वखारीत आलेलं आणि गेलेलं प्रत्येक पोतं तपासायला एक्साईजचे इन्स्पेक्टर फिरायचे. एका सकाळी नवा इन्स्पेक्टर आला. खाकी कोट, पायात बूट. बूट घातलेला फुलबॅक मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्यानं मला ओळखलं. काट्याजवळ आला आणि माझ्या हाताकडे बघत विचारलं, "मनगट?"

"साहेब, पोती मोजा," मी म्हणालो.

तो मोजायला लागला. आधीचे इन्स्पेक्टर दारातल्या दोन पोत्यांवर हात ठेवून जायचे. यानं मागच्या भिंतीपर्यंतची थप्पी उतरवायला लावली. तंबाखूची धूळ उडून पाला निवडणाऱ्या बायका शिंकत होत्या, हमाल कुरकुरत होते. भिंतीजवळची पोती कुठल्याच हिशेबात नव्हती. मालकाला दंड झाला.

महिनाभरात मालकाच्या कानावर गेलं की आम्ही एकत्र खेळलेले आहोत. त्यानं मला गादीवर बोलावलं, शेजारी बसवलं.

"तू वळखतोस म्हणं त्याला?"

"व्हय."

"मग एक शब्द टाक की. एका संघात खेळलेली मानसं तुमी. जेवायला बोलव."

"मी त्याच्याशी बोलत न्हाय."

"का?"

"भांडण हाय."

"पोरपणाचं भांडण रं. आता पोटाचं बघ."

मी नाही म्हणालो. कुणाच्याही पाया पडलो असतो, पण त्याच्यापुढे हात पसरणं मला जमणारं नव्हतं. मालकानं दुसऱ्या दिवशी मला काट्यावरून काढलं आणि मागच्या शेडमध्ये पाला निवडणाऱ्यांवर देखरेखीला बसवलं. तिथं दिवसभर डोळ्यांतून पाणी गळायचं आणि रात्री खोकल्यानं झोप लागत नसे.

पुढच्या तपासणीला तो शेडमध्ये आला. तोंडावर रुमाल धरून माझ्यासमोर उभा राहिला.

"इथं का बसवलं तुला?"

"तुमच्याकडं शब्द टाकला न्हाय म्हणून."

त्यानं रुमाल खाली घेतला. "टाकला असतास तर तुझ्यावरही केस केली असती," म्हणाला.

"ठाऊक होतं."

"मग बरं केलंस." आणि तो पोती मोजायला निघून गेला.

सत्तेचाळीसच्या पावसाळ्याआधी त्याची बदली झाली. कुठं झाली ते मी विचारलं नाही, आणि तोही निरोप घ्यायला आला नाही. त्याच्या जागी आलेला इन्स्पेक्टर पहिल्याच दिवशी मालकाच्या गादीवर बसला, चहा प्याला, पान खाल्लं. थप्पीकडे त्यानं पाहिलंही नाही. मालकानं हसत मला परत काट्यावर बोलावलं. मी गेलो, पण थप्पीकडे न बघणाऱ्या त्या इन्स्पेक्टरपुढं पोती मोजणं मला सहन होईना. दिवाळी झाल्यावर नोकरी सोडली आणि बेळगावच्या एका शाळेत पोरांना खेळ शिकवायला लागलो.