राबाला दिलेलं झाड

निवृत्तीच्या दिवशी मला हार मिळाला नाही, गुच्छ नाही की शालश्रीफळ नाही. मिळालं एक झाड, आणि तेही फोटोत! खरं झाड म्हणे कर्जत-खालापूरकडच्या डोंगरात लावलंय. तक्रार करायची सोय नव्हती, कारण हारगुच्छांचा नुसता कचरा होतो, बंद करा ते, असं सभांमधून ओरडणारी बाई मीच. एका मोठ्या विमानतळावरचा धूर आणि कचरा कमी करणं हे माझं खातं. उभ्या विमानाची यंत्रं बंद ठेवून त्याला जमिनीवरून वीज द्या, सामान ओढायला बॅटरीच्या गाड्या आणा, विमानातून उतरणारे कप आणि उष्टं अन्न वेगळं करा, यासाठी मी उभी हयात भांडले. बरंच जमलं. जो धूर काही केल्या कमी होईना, त्याच्या बदल्यात झाडं लावायची असं ठरलं, आणि निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाच्या नावानं एक रोप लागायला लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात मनानं घेतलं, आपलं झाड बघून यावं. सून म्हणाली, "आई, झाड काय पळून जाणारेय? पाऊस झाल्यावर जा." पण ऐकेन तर मी कसली! डब्यात पोळीभाजी घेतली, स्टीलची बाटली घेतली आणि निघाले.

फोटोखाली 'खालापूर' छापलं होतं, म्हणून पनवेलहून एसटीनं खालापूरला उतरले. तिथल्या चहावाल्यानं फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि हसला. "मॅडम, हा डोंगुर हिकडचा नाय. हिकडं आता गोडाऊनंच उगवतात. तुमी कर्जतवरनं कशेळ्याला जा, तिकडं इचारा." घ्या! म्हणजे सकाळ फुकट गेली. परत बस, कर्जत, दहिवलीच्या नाक्यावर उन्हात ताटकळणं, आणि मग सहा आसनी जीपमध्ये तेरावी सवारी म्हणून मी.

कशेळ्याच्या रस्त्याला शेतं उघडीबोडकी पडली होती, पण मधूनमधून एखादा चौकोन काळाभोर, आणि कुठे कुठे धूर. माझं नाक लगेच वर गेलं. "काय हा धूर! कुणी बंदी कशी घालत नाही?" असं मी मोठ्यानं बोलून गेले. जीपवाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"राब भाजतात, ताई. त्याच्यावर बंदी घातलीत तं तुमी खाणार काय?"

मग त्यानंच समजावलं. राब म्हणजे भाताचं रोप करण्यासाठी भाजलेली जमीन. वाफ्यावर शेण, त्यावर टाहाळ (झाडांच्या पानांसकट छाटलेल्या फांद्या), गवत, पाचोळा पसरायचा, वरून माती भुरभुरायची आणि पाऊस लागायच्या आत पेटवून द्यायचं. तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं. जिथे राब नीट भाजत नाही तिथे भाताऐवजी तणच माजतं.

कशेळ्याला वडापाव खाल्ला (पोळीभाजी डब्यात तशीच!) आणि वाडीची वाट धरली. चढ बघता बघता छातीवर आला. अर्ध्यात चपलेचा पट्टा तुटला, तो रुमालानं बांधून फरफटत वर पोहोचले तेव्हा तारेचं कुंपण दिसलं. आत उतारावर ओळीनं खड्डे, प्रत्येक खड्ड्याच्या आळ्यात एक काडी, आणि काडीपुढे पांढरी प्लास्टिकची पाटी, तिच्यावर नाव. लांबून पाहिलं. ती झाडं वाटतच नव्हती. मधे चारदोन जुने ऐनाचे वृक्ष मात्र हिरवे उभे होते.

कुंपणाबाहेर सावलीला एक म्हातारी बसली होती. कमरेला कोयता, मांडीवर दोरी. राखणदार सुरेश फाटकाशी होता. मी त्याला फोटो दाखवून माझं नाव सांगितलं, तशी म्हातारी ताडकन उठली.

"तुझं झाड हाय हितं? पाटीवं तुझं नाव हाय?"

"हो, आहे."

"बया गं! आली कोनतरी!" तिनं माझा हातच धरला. सुरेश मला म्हणाला, "ही हिरीबाई. वाडीतली. पार होळीपासनं वाट बघतेय मालकांची."

कसले मालक? हिरीबाईच्या हिशेबानं, ज्याचं नाव पाटीवर तो त्या जागेचा मालक. हा उतार म्हणजे तिच्या सासऱ्यापासूनची टाहाळ तोडायची जागा. कुंपण घातलं गेलं आणि आत जाणं बंद झालं. वाफा एकच, आणि त्यातला निम्मा टाहाळाविना उघडा पडलेला. राखणदाराला विचारलं तर तो म्हणतो, माझ्या हातात नाय. मग तिनं ठरवलं, एवढी नावं आहेत, एखादा तरी मालक आपलं झाड बघायला येईलच की. आला की त्यालाच विचारू.

"पयलीच तू आलीस," ती म्हणाली. "ह्या ऐनाच्या चार फांद्या तोडू दे गं. मुळाला हात नाय लावीत. दर साली फुटतो तो."

मी खात्यात फोन लावला. माझ्या जागी आता एक हुशार मुलगा आहे, मीच तयार केलेला. मी सगळं सांगितलं. तो आदरानं ऐकत होता, मग म्हणाला, "मॅडम, धूर कमी व्हावा म्हणून झाडं लावली, आणि तुम्हीच जाळायला फांद्या मागताय? हे मी कागदावर कसं आणू?" त्याचा तरी काय दोष? त्याच्या खुर्चीत मी असते तर शब्दन् शब्द हेच बोलले असते. तेच मला जास्त लागलं.

"नाही म्हणतात," मी हिरीबाईला सांगितलं.

"पन नाव तं तुझं हाय ना?"

"नाव माझं आहे. जागा माझी नाही."

तिनं कुंपणातून आतल्या पाट्यांकडे बोट केलं. मग म्हणाली, "तं मग नाव कशाला लावलंस गं?" रागानं नाही, खरंच विचारत होती.

सुरेशनं डोकं खाजवलं. "ऐनाचं मी काय सांगू नाय शकत. पन ताई, तुमचं सोताचं झाड तुमी काढलंत तर मला कोन बोलनार? तसंबी ते वाळलेलंच हाय." माझं झाड तिसऱ्या ओळीत होतं. ओढलं तसं मुळासकट हातात आलं, काडीसारखं. आळ्यातला पाचोळा आणि भोवतालचं गवत हिरीबाईनं कोयत्यानं ओरबाडून घेतलं. सगळं मिळून एक लहान भारा झाला. पाटी मी काढून पर्समध्ये टाकली; प्लास्टिक जाळायचं नसतं, ही सवय काही सुटत नाही.

बाहेर पडताना मी ओळींमधली नावं वाचत गेले. सामान चढवणारा, कँटीनचा, वीजखात्याचा, माझ्या शेजारच्या टेबलावरची, सगळी माणसं माझ्या ओळखीची. त्यांच्या काड्यासुद्धा वाळलेल्या. हिरीबाई मागून येत होती. "ही समदी तुझ्या वळखीची? मंग सांग की त्यांना, या म्हनावं. येकेक भारा दिला तरी माझा राब भरंल." मी हो म्हणाले. फार जोरात हो म्हणाले.

तिच्या घरी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली, ओंजळभर करवंदं खाल्ली. माझी पोळीभाजी तिच्या नातवंडांनी संपवली. मग तिनं भारा सोडून वाफ्याच्या उघड्या बाजूला पसरला. भांगात पडणाऱ्या कुंकवाएवढी जागा झाकली असेल. डोक्यावरून एक विमान गेलं. तिनं मान वर केली नाही, मीच केली.

परतीच्या बसमध्ये बसल्या बसल्या आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर लिहिलं: आपली झाडं वाळलीत, एका बाईला त्यांची गरज आहे, पावसाआधी एक दिवस काढून या. पनवेल येईपर्यंत उत्तरांचा पाऊस पडला. हात जोडलेले, अंगठे, फुलांचे गुच्छ. हो, गुच्छच! एकानं लिहिलं, "किती सुंदर उपक्रम!" एकीनं लिहिलं, "पुढच्या वर्षी सगळे मिळून सहल काढू." मी पुन्हा लिहिलं, दोघातिघांना फोनही केले. कुणाचे गुडघे, कुणाचं लग्नकार्य, कुणाची मुलीकडे जायची तिकिटं काढून झालेली. विमानाची.

वाईट माणसं नाहीत ती. आम्ही सगळ्यांनी आयुष्य घालवून तो विमानतळ थोडा स्वच्छ केला, ते खोटं नाही. पण आमच्या वाटचा उरलेला धूर आम्ही कुणाच्या दारात नेऊन ठेवला, ते बघायला कुणी गेलं नव्हतं. मीसुद्धा झाड बघायलाच गेले होते. ती पाटी मी फेकलेली नाही. कुठल्या डब्यात टाकायची ते मला चांगलं ठाऊक आहे, तरी हात होत नाही.

आभाळ भरून यायला लागलं तेव्हा सुरेशचा फोन आला. "ताई, हिरीबाई इचारते, कोनी निघालंय का? आता राब पेटवायला लागंल, थांबता येनार नाय."

"मी येते," मी म्हणाले. "उद्याच येते."

सुरेश म्हणाला, "तुमचं तं देऊन झालं ना, ताई."