पुढं काय झालं?

उजव्या हाताचा तळवा उताणा करून समोर धरायचा, मान जराशी तिरकी करायची आणि विचारायचं, "व्हय, पन पुढं काय झालं?" अक्कांना तुम्ही काहीही सांगा, हे ठरलेलं. एकदा बार रूममधला एक तरुण वकील मोठ्या खुशीत बातमी घेऊन आला. ज्या नवरा-बायकोच्या सोडचिठ्ठीनं अख्ख्या कोर्टाची करमणूक केली होती, ती दोघं काल रंकाळ्यावर एकाच प्लेटमध्ये भेळ खाताना त्याला दिसली होती. अक्कांचा तळवा उताणा झालाच.

"पुढं?"

"पुढं काय अक्का, मी घरी आलो."

"मग अर्धंच सांगाय कशाला आलास? भेळ संपंस्तवर थांबायचं की!"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय याची त्यांना भारी हौस असते. अक्कांना ती हौस नव्हती असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? पण त्यांचा सगळा वकिली धंदा याच एका प्रश्नावर चालला होता, हे मला त्यांच्याबरोबर एका खोलीत बरीच वर्षं वकिली केल्यावर कळलं.

त्यांचं नाव मी सांगत नाही. कोर्टातला पुकारा सोडला तर त्यांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकलीच नाही. त्या मूळच्या गडहिंग्लजकडच्या, वडील मिरचीचे व्यापारी, घरात कानडी आणि दुकानात मराठी. लहानपणी आई गोष्ट सांगता सांगता पेंगायची, तेव्हा तिला हलवून "मुंद एनात?" असं विचारायचं, तीच सवय लागली म्हणायच्या. पुढं काय झालं, याचंच ते कानडी. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणायच्या, "स्थळं आलती की. पुढं काय झालं ते इचारू नगंस." हा प्रश्न दुसऱ्यानं विचारलेला त्यांना चालत नसे.

कोल्हापूरच्या कोर्टासमोरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर जिन्यालगत आमची खोली होती. दोन टेबलं, एक कपाट, एक टेलिफोन आणि अक्कांचा भडंगाचा डबा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथं कॉम्प्युटर आला, आणि काही वर्षांनी टेलिफोनच्याच तारेवरून इंटरनेट. वर्गणी भरली की देशभरातल्या हायकोर्टांचे निकाल पडद्यावर वाचता यायचे. जोडणी होताना ते यंत्र आधी कण्हायचं, मग किंचाळायचं. तेवढा वेळ अक्का हात वर करून सगळ्यांना गप्प बसवत, जशी काही आरतीच चालू आहे. त्यानंतर आमचा फोन तासन्‌तास लागत नसे आणि पक्षकार चिडून जिना चढून येत.

पहिल्या दिवशी अक्कांनी काय केलं असेल? पक्षकाराला विचारावं तसं यंत्राला विचारलं. सगळी हकीकत इंग्रजीतून टाईप केली. भाऊ कसा वागला, चुलत्यानं बांध कसा कोरला, सगळं. यंत्रानं सांगितलं, काही सापडलं नाही. "मुकं हाय व्हय गं हे?" मग त्यांनी चिडून नुसता 'जमीन' एवढाच शब्द टाकला. आता हजारो निकाल आले. "आनि आता बोलाय लागलं तर थांबंना झालंय!"

पण महिन्याभरात त्यांनी त्या यंत्राची नस ओळखली. यंत्राजवळ जायच्या आधी त्या माझ्याकडे तोंड करून बसत. "आदी भांडान काय हाय ते ठरवू. मानसं सोड, राग सोड. नेमकं कशावरनं हाय?" ते एका वाक्यात बसलं की त्यातले तीन-चार शब्द निवडायचे. मग दुसरा प्रश्न. "आपुन शेताच्या वाटंला पाणंद म्हनतो. मद्रासचा जज्ज काय म्हनंल? नागपूरचा काय म्हनंल?" असे एकाच गोष्टीचे चार शब्द काढून त्या शोधाला बसत. आमच्या मजल्यावरचे बाकीचे वकील एकच शब्द टाकून नशिबाला दोष देत बसायचे.

आणि निकाल सापडला की इतरांचं काम संपे, अक्कांचं तिथून सुरू होई. पडद्याच्या कडेला बारीक अक्षरांत एक यादी असते. या निकालाचा उल्लेख पुढच्या कोणकोणत्या निकालांत आला, कुणी तो मानला, कुणी खोडून काढला. त्या यादीवर बोट ठेवून अक्का पडद्यालाच विचारत, "व्हय, पन पुढं काय झालं?"

आता शेवंताचं सांगते. जोतिबाच्या पायऱ्यांवर तिच्या वडिलांचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान होतं. जागा भाड्याची. शेवंताचं लग्न झालं होतं, पण नवऱ्याशी पटलं नाही आणि ती परत आली. आली तशी वडिलांच्या शेजारी दुकानात बसली. पुढं वडील थकले, गेले. तेव्हा जागेचा मालक म्हणाला, भाडेकरू गेला, भाडेपट्टा संपला, जागा खाली कर. भाडेकरूबरोबर धंदा करणाऱ्या घरच्या माणसाला कायद्यात संरक्षण आहे. पण मालकाचं म्हणणं असं, की लग्न झालेली लेक बापाच्या घरची कुठं असते? ती नवऱ्याच्या घरची. खालच्या कोर्टानं ते मान्य केलं होतं.

अपील घेऊन ती आमच्याकडे आली तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. नखांच्या कडांत गुलाल कायमचा मुरलेला. तिची फाईल कधी शोधावी लागली नाही, तिच्या कडाच गुलाबी होत्या. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "अक्का, सासर गेलं, बा गेला. आता दुकान गेलं तर मी बसू कुठं?"

अक्कांनी तिच्यापुढे भडंगाचा डबा सरकवला. कुणाला डबा दिला की ते काम त्यांनी अंगावर घेतलं असं समजायचं.

दोन दिवस शोधल्यावर निकाल मिळाला. सगळं शेवंतासारखंच होतं. परत आलेली लेक ही बापाच्या घरचीच, असं स्वच्छ लिहिलेलं. मी टाळी वाजवली. शेवंता समोरच होती, तिनं पडद्याला हात जोडले आणि विचारलं, "ह्यात माजं दुकान दिसतंय व्हय?" अक्कांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. त्यांचं बोट कडेच्या यादीवर गेलं होतं.

मग त्यांचा चेहरा उतरला. चार वर्षांनी मोठ्या खंडपीठानं तो निकाल चुकीचा ठरवला होता. नुसती लेक असणं पुरेसं नाही, असं म्हटलं होतं. तेवढ्यात वीज गेली. त्या काळात ती रोजच जायची, पण त्या दिवशी फारच वेळेवर गेली असं मला वाटलं. अंधारात अक्कांनी शेवंताला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती उठली, पदर सारखा केला आणि जिना उतरून गेली. जोतिबाची एस.टी. गाठायची होती.

मी अक्कांशी भांडलेच. "समोरच्या वकीलसाहेबांकडे कपाटभर पुस्तकं आहेत, पण हा नवा निकाल त्यांत नाही. त्यांनी शोधला नाही तर आपण त्यांना ताट वाढून द्यायचं का? आपला निकाल द्या आणि गप्प बसा."

"आनि पुढं?" अक्का म्हणाल्या. "आज हितं जिकू. मालक मुंबईला जाईल. तितं कोन तरी इचारनारच, पुढं काय झालं म्हनून. तवा तिचं दुकान बी जाईल आनि माजं तोंड बी. कोर्टाला अर्धं सांगायचं न्हाय गं."

"मग करणार काय?"

"वाचनार. आपल्या इरुद्धचा हाय म्हनून काय झालं? सगळा छाप."

वीज आल्यावर प्रिंटर बराच वेळ करकरत होता. मी वर वर चाळला आणि ठेवून दिला. सुरुवातीला दिलेला सारांश आमच्या विरुद्ध होता, मला तेवढं पुरे होतं. अक्कांनी तो गठ्ठा दुसऱ्या दिवशी सकाळी समोर घेतला आणि भडंग खात खात एकेक पान उलटत राहिल्या. दुपारी कधीतरी डब्याचं झाकण जोरात बसल्याचा आवाज आला.

"हितं बग की."

शेवटून दुसऱ्या पानावर एक छोटा परिच्छेद होता. लेक वडिलांच्या बरोबरीनं खरोखर धंदा करत असेल आणि मालकाला ते ठाऊक असेल, तर गोष्ट वेगळी, तिथे आमचा हा निर्णय लागू नाही. सारांश लिहिणाऱ्यानं तो परिच्छेद सोडून दिला होता. अक्कांनी लगेच शेवंताची गुलाबी फाईल ओढली आणि मालकाची उलटतपासणी काढली. दर रविवारी दवणा आणि खोबरं मी शेवंताकडूनच घेतो, असं तो तिथं मोठ्या अभिमानानं बोलून गेला होता. आपण बाहेरचे नाही, भाविक आहोत, हे त्याला दाखवायचं होतं.

सुनावणीला मी मुद्दाम जाऊन मागं बसले. कोर्टात अक्का वेगळीच मराठी बोलत, शाळेतल्या बाईंसारखं. त्यांनी आधी आपल्या बाजूचा निकाल दिला आणि पाठोपाठ तो मोडणाराही दिला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, हा तर तुमच्या विरुद्ध आहे. तुम्हीच देताय?"

"साहेब, शेवटपर्यंत वाचला तर विरुद्ध नाही."

समोरचे वकील हसले. "अक्का, आता माझं वकीलपत्रही तुम्हीच घ्या." पण न्यायाधीश वाचत होते, आणि वाचता वाचता त्यांनी मालकाची उलटतपासणी मागवली तेव्हा ते हसायचे थांबले.

अपील मंजूर झालं. शेवंतानं पेढे आणले, आणि आम्ही नको नको म्हणत असताना कॉम्प्युटरला गुलाल लावला. तो थेट बटणांच्या फटींत गेला. अक्का महिनाभर कुंच्यानं झाडत होत्या आणि शेवंताच्या नावानं बडबडत होत्या. इतक्या खुशीतली बडबड मी दुसरी ऐकली नाही.

मालक मुंबईला गेलाच. प्रकरण हायकोर्टात पडून राहिलं. शेवंता दर जत्रेनंतर दवणा घेऊन यायची आणि अक्का तळवा उताणा करायच्या. या वेळी मात्र पुढचं सांगण्यासारखं तिच्याकडे काही नसे, आमच्याकडेही नसे.

मग अक्का आजारी पडल्या. मी दवाखान्यात जायची तर माझी चौकशी नाही, स्वतःच्या दुखण्याबद्दल अवाक्षर नाही. तळवा पांघरुणावर उताणा असायचाच. "मुंबईचं काय झालं गं?" अजून बोर्डावर, सुनावणीच्या यादीत आलं नाही, असं मी सांगायची. शेवटी शेवटी त्यांची मराठी सुटली आणि कानडी राहिली. "मुंद?" एवढंच. मी नाही म्हणून मान हलवायची. त्या गेल्या तेव्हा मला रडू यायच्या आधी त्यांचा राग आला. सगळ्या जगाला शेवटपर्यंत थांबायला लावायचं आणि आपण असं मधेच उठून जायचं, ही कुठली रीत?

निकाल त्यानंतर काही महिन्यांनी लागला. शेवंताच्या बाजूनं. मी स्वतः जोतिबावर जाऊन तिला सांगितलं. ती गिऱ्हाईक सोडून उठली, मला कपाळभर गुलाल लावला आणि म्हणाली, "आनि अक्कास्नी कोन सांगनार वो?" मग ती पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसली.

तो निकाल नंतर पडद्यावरही आला. मी उघडून पाहिला. मालकाचं नाव होतं, शेवंताचं होतं, मुंबईच्या दोन वकिलांची होती. अक्कांचं कुठंच नव्हतं. खालच्या कोर्टातल्या वकिलांची नावं तिथं छापत नाहीत, हे मला ठाऊक होतं, तरी मी दोनदा शोधलं. मधे एक वाक्य होतं, की कोल्हापूरच्या न्यायाधीशांनी तो मोठा निकाल शेवटपर्यंत वाचला हे योग्यच झालं. त्यांना वाचायला कुणी लावलं, ते लिहिलेलं नव्हतं.

पुढं वर्ष-दीड वर्षानं, दुसऱ्याच कामासाठी शोधताना मी पुन्हा त्या निकालापाशी आले. या वेळी कडेच्या यादीत एक ओळ होती. आधी ती नव्हती. मी तिच्यावर बोट ठेवलं. विदर्भातलं कुठलं तरी गाव, वडिलांची पिठाची गिरणी, नवऱ्याकडून परत आलेली लेक. तिच्या वकिलानं शेवंताचा निकाल पुढे केला होता, आणि त्याच्या आधारावर गिरणी त्या बाईकडेच राहिली होती.

खोलीत कुणी नव्हतं. अक्कांच्या टेबलावर आता एक नवा वकील बसतो, तो कोर्टात गेला होता. मी त्या टेबलाकडं बघून मोठ्यानं सांगितलं, "अक्का, गिरणी वाचली."

आणि सवयीनं थांबले, आता तळवा उताणा होईल म्हणून.