शेवटची ओळ

नवरा शांतवन गेल्यापासून रतनबाईंच्या घरी सांत्वनाला येणाऱ्यांची रीघ लागली होती. शेवगावची ख्रिस्ती मंडळी मायाळू, त्यात शंका नाही. पण एकदा डोळे मिटून प्रार्थनेला लागली की थांबायचं नाव घेत नसत. इकडे गॅसवर त्यांच्याच चहाचं दूध. प्रार्थनेतून उठायचं कसं? रतनबाई एक डोळा किलकिला करून दूध वर चढताना बघत बसायच्या. 'आमेन' होईपर्यंत ओटा पांढरा झालेला असायचा.

"प्रभूची इच्छा, वहिनी," चहा पिताना कुणीतरी म्हणायचं. "शांतवनभाऊ चांगल्या ठिकाणी हायेत."

"इथं काय वाईट हुतं त्यान्ला?" एकदा रतनबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा विश्वास टिकावा म्हणून वेगळी प्रार्थना झाली. दूध पुन्हा उतू गेलं.

खरं तर त्यांना प्रार्थनाच करता येईना. हात जोडले की आत नुसता राग उसळायचा. चर्चला जाणंही त्यांनी सोडलं.

"आज तरी चला, वहिनी," धाकटी नणंद पुष्पावती रविवारी दारात येऊन उभी राहिली. "देव काय घरी येनारे का?"

"रोज येतोय की. बिनसाखरेचा च्या मागतोय."

तरी पुष्पावतीनं त्यांना ओढून नेलंच.

शांतवनला एक खोड होती. गीत संपलं, पेटी थांबली, तरी हा बाबा शेवटची ओळ एकट्यानं पुन्हा म्हणायचा, तीही बेसूर. बायकांच्या बाजूला रतनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "अवो, संपल्यावर थांबावं मान्सानं," असं त्या दर रविवारी घरी जाताना ऐकवायच्या.

"मला संपल्यागत वाटत न्हाई," तो म्हणायचा.

आज गीत संपलं. ढोलकी थांबली. पण कुणी खाली बसेना. पेटीवाल्या बजरंगचं बोट शेवटच्याच सुरावर राहिलेलं. पाळकसाहेबही डोळे मिटून उभेच. इतक्या वर्षांच्या सवयीनं सगळी मंडळी शांतवनच्या ओळीसाठी थांबली होती.

आता काय करावं या लोकांना, रतनबाईंना वाटलं. घरात थांबायचं कळत नाही आणि इथं थांबलेत. कुणीतरी संपवा की एकदाचं.

कुणी संपवेना. शेवटी वैतागून त्यांनीच ती ओळ उचलली. "मजजवळी राहा, प्रभुराया." आवाज फाटला, सूर कुठल्या कुठे गेला. अर्ध्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण हे देवालाच म्हणतोय, आणि मनापासून म्हणतोय. मग रडू आलं, ते पदरात मावेना. उरलेली ओळ मंडळींनी म्हटली.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे माणसं आली, प्रार्थनेला बसली. रतनबाईंनी आधी उठून गॅस बंद केला. मग येऊन बसल्या आणि दोन्ही डोळे मिटले.