पायरीवरची पाठमोरी

मांजर आडवं गेलं तर मी मांजराला आधी जाऊ देते आणि पुढे चालू लागते. भूतबाधा, भास, अंगात येणं... यांतलं काहीच मी कधी मानलं नाही. दिवसाची कामं सकाळी लिहायची आणि होतील तशी खोडायची, असा माझा स्वभाव. तरी हे लिहितेय. भीती वाटते म्हणून नाही, लाज वाटते म्हणून.

२००६ च्या आसपासची गोष्ट. वर्ध्यात घराच्या पुढच्या खोलीत माझं छोटंसं ग्राफिक्सचं काम होतं. नव्या घरांची कॉम्प्युटरवर केलेली थ्रीडी चित्रं, म्हणजे रेंडर, आर्किटेक्ट लोक सीडीवर आणून द्यायचे. घरं अगदी प्लास्टिकच्या खेळण्यासारखी दिसायची. मी त्यांवर डिजिटल पेनने थरावर थर रंगवायची - भिंतींवर ओल्या रंगाचे डाग, जरा हललेल्या कडा, कुंचला टेकवून काढल्यासारखी झाडं. घरमालकाला वाटायचं, कुणीतरी कागदावर जलरंगात काढलंय. प्रत्येक थराला मी नाव द्यायची : आकाश, भिंती, झाडं, माणसं. गोंधळ मला खपत नाही.

त्यातलं एक घर पिपरी मेघेतलं. मुलगा सावंगीला नोकरीला, तो बांधत होता. वडील, शंकरकाका, समुद्रपूरकडे भाजीपाला पिकवायचे. चित्रात माणूस म्हणून मी एकच टाकला होता, फाटकाशी स्कूटर घेऊन उभा असलेला. प्रिंट काढली, पाकिटात घातली. दुपारी काका एकटेच न्यायला आले. त्यांनी पाकीट उघडलं आणि पुढच्या पायरीवर बोट ठेवलं.

"मॅडम, हे तुम्हाले कोनं सांगतलं?"

मी वाकून पाहिलं. पायरीवर एक बाई बसली होती. रस्त्याकडे पाठ, डोक्यावरून पदर, बाजूला सांबाराच्या जुड्या (कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात). मान जराशी कलती, दोरा दातात धरून जुडी बांधताना होते ना, तशी.

मी ती काढलेली नव्हती.

"आमची मंडळी," काका म्हणाले. "गेल्या साली गेली. ते अशीच बसे, रस्त्याले पाठ करून. तोंड दाखवलं का येनारा-जानारा एक जुडी फुकट मांगते, म्हने!" ते हसले, आणि हसता हसता दुपट्ट्याने डोळे पुसू लागले. "पोराले सांगून ठेवलं होतं, म्या काई तुह्या त्या घरात येत नाई. तिथं तिचं काय हाय? ...आता येतो."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण समोर माणूस रडतोय, आपल्या कामाचं एवढं कौतुक होतंय...

"सुचलं तसं काढलं, काका," मी म्हणाले.

ते गेल्यावर फाइल उघडली. 'माणसं' हा थर बंद केला. स्कूटरवाला गेला, बाई राहिली. 'झाडं' बंद, तरी बाई आहेच. 'भिंती' बंद केल्यावर मात्र ती गेली. म्हणजे ती भिंतीच्याच रंगात होती, माझ्याच त्या ओल्या डागांत, वेगळी उचलता येऊ नये अशी. सीडीवरच्या मूळ रेंडरमध्ये पायरी रिकामी होती. कॉम्प्युटरला माझ्याशिवाय कुणी हात लावत नव्हतं. थकव्यात आपणच काढलं असेल, असं ठरवून मी विषय मिटवला.

महिन्याभराने काका परत आले. खिशातून वोटर कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"एक डाव तिचं तोंड इकडं करून द्या ना, मॅडम. फोटो हा एवढाच हाय, अन् ह्याच्यात ते भलतीच कोनी दिसते. चोरी करताना पकडल्यावानी!"

आता नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? मी फाइलची कॉपी केली. मूळ फाइलला हातही लावला नाही, हे मी शपथेवर सांगेन. कॉपीत पाठमोऱ्या बाईवर भिंतीचा रंग फिरवून ती पुसली आणि कार्डावरून चेहरा घेऊन समोर बघणारी बाई बसवली. किंचित हसरी. काम चांगलं झालं होतं. हे सांगतानाही आता कसंतरी होतं.

काका आले तेव्हा त्यांच्या काखेत दुपट्ट्यात गुंडाळलेली चौकट होती. मला वाटलं, नवं चित्र बसवायला आणलीय. त्यांनी नव्या चित्राकडे नीट पाहिलं आणि हळूच बाजूला ठेवलं.

"ही कार्डावरची हाय."

मग दुपट्टा सोडला. चौकटीत पहिली प्रिंट होती. घर तेच, स्कूटरवाला तोच. पायरीवर सांबाराच्या जुड्या होत्या, एक अर्धवट बांधलेली, दोरा लोंबत असलेली. बाई नव्हती.

"काल सकाळी पाह्यलं तं उठून गेली," काका म्हणाले.

त्याच्या आदल्याच संध्याकाळी मी कॉपीतली बाई पुसली होती.

उन्हाने प्रिंटचा रंग उडतो, हे मला माहीत आहे. पण मग जुड्या हिरव्यागार कशा राहिल्या? मी घाईघाईने मूळ फाइल उघडली. तिथेही पायरीवर नुसत्या जुड्याच.

"मॅडम, तिले परत बसवा," काका अजिजीने म्हणाले. "तोंड नाई दिसलं तरी चालते. म्याच चुकलो, मांगाले नोको होतं."

माझी माफी मागत होते ते. माझी! तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "काका, ती मी काढलीच नव्हती."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. चौकट पुन्हा दुपट्ट्यात गुंडाळत ते म्हणाले,

"मंग आता कोनाले मांगू?"

काका पिपरीला राहायला गेले नाहीत. पुढे एकदा मुलगा बाजारात भेटला. म्हणाला, "बाबा तयार झाले होते हो, एकदम काऊन पलटले, काई समजत नाई." मला समजत होतं. मी पिशवी सावरली आणि भाजीचे भाव विचारत पुढे गेले.

कॉम्प्युटर बदलले, फाइल मात्र दरवेळी नव्या मशीनवर घेतली. कधीतरी दुपारी उघडते. ती कुठून आली, का गेली, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा. पायरीवर नुसत्या जुड्याच असतात... आणि ती अर्धी जुडी अजून कुणी बांधलेली नाही.