साइड स्टँडखालचं दोनशेचं वजन

आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगला गेट आहे, वॉचमन आहे, भांडायला कमिटीसुद्धा आहे, पण बसायला साधं बाकडं नाही. मग माणसं बसतात कुठे? लावलेल्या गाड्यांवर! आणि माझी बाईक नेमकी गेटच्या आत, एकदम मोक्याच्या जागी. संध्याकाळी सहाला बाबा दोन जिने उतरून यायचे, एका बाजूला पाय सोडून सीटवर बसायचे आणि तासभर जगाला अक्कल शिकवायचे. समोर त्यांच्या वयाचे तिघे-चौघे. एखादा थकला की तोही बाबांच्या शेजारी टेकायचा. मी कधी काही बोललो नाही. गाडी माझी, पण सहा ते सात बाबांची, हे ठरलेलंच होतं.

रोजचं एवढं ओझं घेऊन साइड स्टँड वाकणार नाही तर काय? डबल स्टँड तर कधीच गंजून पडलेलं. गाडी हळूहळू डावीकडे कलत गेली आणि आम्ही सगळे डोळे उघडे ठेवून आंधळे. मग एका संध्याकाळी बाबा टेकले, सरकले आणि सगळ्यांसमोर घसरून खाली बसले. लागलं काहीच नाही. पण सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी सहा वाजले तरी बाबा जागचे हलले नाहीत. "गुडघो दुखता," म्हणाले. तिसऱ्या दिवशीही गुडघाच. खाली प्लास्टिकची खुर्ची ठेवतो म्हटलं तर डोळे वटारून म्हणाले, "खुर्ची कित्याक? मी काय पेशंट आसंय?" आठ दिवसांत हा बडबड्या माणूस गॅलरीच्या ग्रिलला नाक लावून गप्प बसायला लागला. माझ्या हसण्यानेच हे झालं, हे मला पक्कं माहीत होतं. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी चिडतो. माफी मागायची सोडून मी गाडीच्या मागे लागलो. गाडी सरळ झाली तर बाबा खाली येतील, एवढंच डोक्यात.

स्टँडखाली प्लायवूडचा तुकडा ठेवला, तो सकाळी झाडूवाल्याने कचऱ्यात टाकला. कोल्ड्रिंकचे दोन कॅन चेपून ठेवले, ते फरशीवरून सटकले. जुन्या चपलेचा सोल घातला, तो दोन दिवसांत पापड झाला. मग मी म्हणायला लागलो की आपली फरशीच उतरती आहे, कमिटीने वाट लावली. बायको वरून म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं!" माझं डोकं फिरलं. मी अख्खी वीट आणून स्टँडखाली सारली. गाडी कवायतीला उभी केल्यासारखी ताठ! मी ओरडलो, "बाबा, बघा, झकास!" तेवढ्यात वॉचमनने गेट उघडलं, हँडलला जेमतेम धक्का लागला आणि गाडी उजवीकडे धाडकन आडवी. आरसा फुटला.

आणि गॅलरीतून आवाज आला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एवढा मोठा. "शिरा पडो तुझ्या अकलेर! तिका सरळ कशाक उभी करतस? थांब थंयच!"

जिन्यावर चपला वाजल्या. बाबा खाली आले. गुडघा कुठे गेला होता कोण जाणे. हातात कापडी पिशवी, आत लोखंड खणखणतंय. गिरणी बंद पडल्यावर बाबांनी पंचवीस वर्षं कांदे-बटाट्यांची हातगाडी लावली, तिच्यावरच्या तराजूची ही वजनं. इतकी वर्षं पलंगाखाली होती, भंगारवाल्याला हात लावू दिला नव्हता.

त्यांनी मला गाडी धरायला लावली. स्टँडखाली किलो ठेवलं. "जास्त." मग पाचशे. हँडलला एक बोट लावून बघितलं, गाडी डुलली. "वाऱ्यान पडतली." मग दोनशे. दोन पावलं मागे गेले, एक डोळा मिटला आणि मान हलवली.

"बाबा, अजून थोडी कलतेय."

"मगे? थोडी झुकूक होया! काटो एकदम मधी इलो म्हणजे गिऱ्हाईक रुसता. तसाच ह्या."

पंचवीस वर्षं काट्याकडे बघितलेला माणूस. मी काय वाद घालणार?

गाडी आणि ते वजन घेऊन तसेच दोघं कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे गेलो. तो म्हणाला, वजन बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं आहे, त्याला नुसतं वेल्डिंग धरणार नाही. मग त्याने स्टँडच्या टोकाला पट्टीची वाटी केली, दोनशेचं वजन तिच्यात घट्ट ठोकलं आणि वाकलेला दांडा आणखी वाकू नये म्हणून त्याला जाड सळीचा आधार दिला. मग विचारलं, "इस पे बैठता कौन है?" बाबा रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना बोलावलं नाही. बरोबर सहाला जिन्यावर चपला वाजल्या. त्यांनी सीटवर दोनदा थाप मारली, टेकले, पाय सोडले. गाडी तसूभर हलली नाही. समोरच्यांपैकी एकाने विचारलं, "काय, गुडघा बरा झाला?"

"गुडघ्याक काय झाला होता? गाडी आजारी होती!"

सगळे हसले, बाबा सगळ्यात मोठ्याने.

मला मुलुंडला जायचं होतं. हेल्मेट हातात घेऊन मी पाच मिनिटं उभा राहिलो. शेवटी म्हटलं, "बाबा, गाडी पाहिजे होती."

त्यांनी घड्याळ बघितलं. "सात खंय वाजले अजून?"

मी हेल्मेट वॉचमनकडे दिलं आणि रिक्षा केली. रिक्षावाला आरशातून सारखा माझ्याकडे बघत होता, कारण मी एकटाच मागे बसून हसत होतो. या वेळी मला हसल्याची लाज वाटत नव्हती.