अक्काच्या पेटीची मुकी पट्टी

गेल्या महिन्यात सकाळी इस्लापूरहून भाऊजींचा फोन आला. "अक्का गेली," एवढंच म्हणाले. लातूरच्या घरात मी चहाचा कप धरून उभाच राहिलो... आणि मनात पहिलं काय आलं, तर तिच्या बाजाच्या पेटीची पट्टी दुरुस्त करून द्यायची राहिली.

माझी ही थोरली बहीण इस्लापूरजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर शिक्षिका होती. पुस्तकातल्या प्रत्येक कवितेला ती चाल लावायची, तीही पोरांना विचारून. "तुमच्या घरी पाळणा कसा म्हणतेत गं? लग्नात बाया कशा गातेत?" तांड्यावरची एखादी पोर लाजत गुणगुणायची आणि पावसाची कविता त्या सुरांवर जाऊन बसायची. शेजारच्या वर्गावरचे गुरुजी त्याला तर्ज म्हणत, मी शहाणपणानं धून म्हणायचो. अक्का म्हणायची, "नाव कायबी दे. शब्द विसरले तरी डोक्यात जे फिरत राहतं ना, ती चाल."

मग घशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. आवाज कायमचा गेला. घरातल्या सगळ्यांनी नोकरी सोडायला सांगितलं. सगळ्यात जास्त मी. "अक्का, बिनआवाजाची बाई काय शिकवणार? लोक हसतील." तिनं पाटी ओढली आणि खडूनं लिहिलं, 'आवाज गेलाय. चाल न्हाई.' दुसऱ्या आठवड्यात ती घरची पेटी घेऊन वर्गात हजर!

तिला समजावून घरी आणावं म्हणून मी शाळेत गेलो होतो. दारातूनच पाहिलं. अक्का नुसती चाल वाजवायची. दोन सुरांतच पोरं कविता ओळखायची आणि गायला लागायची. पेटीची मधली एक पट्टी मुकी होती, दाबली तरी फक्त हवा फुसफुसायची. चाल तिथं आली की अक्का हात उचलायची आणि तो सूर अख्खा वर्ग गळ्यातून द्यायचा... इतका जोरात, की छपराचे पत्रे वाजावेत. मी हसलो, डोळेही पुसले. तरी परतताना "आता पुरे कर" म्हणालोच. ते वाक्य अजून मला झोपू देत नाही. तिनं ऐकलं नाही, हेच बरं झालं. शेवटचं दवाखान्यात नेईपर्यंत ती शिकवत राहिली.

शाळेत शोकसभा झाली. हेडमास्तर म्हणाले, "दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू." मला राहवलं नाही. "सर, माफ करा. तिला गप्प बसवायचं काम मी लई केलंय. आज न्हाई." मी पेटीपुढं बसलो, भाता ओढला. मला वाजवता येत नाही. दोन सूर चुकले, पोरं खुदकन हसली. चौथीतली एक मुलगी पुढं आली. "सरका मामा, असं न्हाई ते." तिनं चाल धरली, सगळा वर्ग गायला लागला. मुक्या पट्टीपाशी तिचा हात थांबला, आणि पत्रे पुन्हा वाजले.

निघताना मी म्हणालो, "पेटी लातूरला नेतो. पट्टी नीट करून आणतो."

त्या मुलीनं दोन्ही हात पेटीवर ठेवले. "नगा नेऊ. ती पट्टी आमची हाय."

पेटी तिथंच आहे. पट्टी अजून मुकी आहे.