झाड की हॅश

रक्तपेढीत तिला सगळे वहिनी म्हणत. नवरा तिथल्याच गाडीवर ड्रायव्हर होता, त्याच्यामुळे पडलेलं नाव. नवरा अचानक वारला, नाव मात्र राहिलं. रक्ताच्या प्रत्येक पिशवीची नोंद ज्या डेटाबेसमध्ये होती, तो वहिनी सांभाळायच्या. पूर्वी त्यांच्याशी वाद घालायला गेलेला माणूस हात हलवत परत यायचा. आता त्या वेळेवर यायच्या, डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. रडल्या नव्हत्या. 'धीराची बाई,' लोक म्हणत. लोकांचं काय जातं, न रडणारं माणूस सोयीचं असतं.

नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा साहेबांनी विचारलं, "वहिनी, नोंदी शोधायचा इंडेक्स कुठला ठेवायचा? काउंटरवाले ओरडतायत, पिशवी शोधायला वेळ लागतो म्हणून. हॅश टाकू या?"

उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. पिशवीचा पूर्ण नंबर दिला, की हॅश थेट नेमक्या कप्प्यावर बोट ठेवतो. नुसती नंबरची सुरुवात सांगितली, तर मात्र तो मख्ख. मग अख्ख्या नोंदी एकेक करून चाळायच्या. झाडासारख्या फांद्यांचा इंडेक्स जरा सावकाश, पण सगळं शब्दकोशासारखं क्रमाने लावतो. सुरुवात कळली की पुढचं सगळं ओळीने हाती येतं. आणि एका लॉटमधल्या पिशव्यांचे पहिले आकडे सारखेच असतात. एवढं सांगायला दोन वाक्यं पुरली असती.

"काहीही चालेल," वहिनी म्हणाल्या.

"एक घाव दोन तुकडे! मीटिंग असावी तर अशी," म्हणत साहेब उठले. हॅश बसला, काउंटरवालेही खूश झाले.

मग एका दुपारी पिशव्यांच्या कंपनीचा फोन आला. एक अख्खा लॉट सदोष निघाला होता. कडेचा जोड नीट नाही, आतलं रक्त नासू शकतं, कुणाला देऊ नका. वहिनींनी लॉटचे आकडे टाकले आणि शोध सुरू केला. वर्षानुवर्षांच्या नोंदी, त्यात मशीन जुनं. पडद्यावरचं चक्र फिरतच राहिलं.

"अहो, एक पिशवी क्षणात सापडते, मग आत्ताच काय झालं?" साहेब येरझाऱ्या घालत होते.

वहिनींनी कारण सांगितलं.

"मग तेव्हा का नाही बोललात?"

त्यांना राग आला नाही, लाजही वाटली नाही. चक्र फिरतंय, एवढंच दिसत होतं.

अखेर नंबर आले. फोनाफोनी झाली आणि बाकी सगळ्या पिशव्या अडवल्या. एक तेवढी शेजारच्या हॉस्पिटलात नुकतीच लावली होती. थोडं रक्त अंगात गेलंच, आणि ती पेशंट तापाने फणफणली.

वहिनींना कुणी पाठवलं नव्हतं, त्या आपणहून गेल्या. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर त्या बाईचा नवरा बसला होता. शेजारची कापडी पिशवी मांडीवर घेऊन त्याने जागा करून दिली.

"बसा ना, ताई. आमची ही आहे आत. वाचेल म्हणाले डॉक्टर. नशीब, रक्तपेढीतून वेळेवर फोन आला." मग त्याने हळूच विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

"कुणी नाही," वहिनी म्हणाल्या. ते शब्द स्वतःच्या तोंडून ऐकले आणि त्यांचा बांध फुटला. गळा काढून रडल्या. तो बिचारा गांगरून पाणी आणायला उठला, तर त्यांनी त्याची बाही धरली.

"फोन लवकर आला असता, दादा," त्या म्हणाल्या. "मी बोलले नाही."